वि. म. दांडेकर आणि सरासरीचा हिशेब

मंडळी, वि. म. दांडेकर म्हटलं की दारिद्र्यरेषा आठवते. पण हा माणूस मूळचा संख्याशास्त्रातला. जन्म साताऱ्याचा, 1920 चा. 1966 ते 1980 पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. पदांची यादी इथेच थांबवतो. मला बोलायचंय ते त्यांच्या हातातल्या एका हत्याराबद्दल, सरासरीबद्दल.

1971 साली अर्थतज्ज्ञ नीलकंठ रथ यांच्याबरोबर त्यांनी भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज सरासरी 2250 उष्मांक मिळायचे, तर 1960-61 च्या भावाने खेड्यात महिन्याला 15 रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये खर्चायची ऐपत हवी. तेवढीही ऐपत नसलेले खेड्यात सुमारे 40 टक्के निघाले, शहरात 50. पुढे यावर तुटून पडले पां. वा. सुखात्मे. तेही सातारा जिल्ह्यातले आणि तेही संख्याशास्त्री! एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते. मग सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित कसा, हा त्यांचा सवाल. गणित सुखात्म्यांचं बिनतोड असेल, पण दांडेकर-रथ शरीर मोजतच नव्हते. ते घराची ऐपत मोजत होते. मी या वादात दांडेकरांच्या बाजूचा, हे आधीच सांगून टाकतो.

1984 चा अनुशेषाचा अहवाल घ्या. राज्यातला प्रादेशिक असमतोल मोजायला नेमलेल्या दांडेकर समितीने सिंचन, रस्ते, वीज अशा एकेका बाबीत राज्याची सरासरी काढली आणि जो जिल्हा तिच्या खाली, त्याची तेवढी तूट म्हणजे अनुशेष, असं ठरवलं. बेरीज आली 3186 कोटी 78 लाख. गोम पुढे आहे. मोजमाप विभागाचं नव्हतं, जिल्ह्याचं होतं. त्यामुळे त्यातले जवळपास 1189 कोटी उर्वरित महाराष्ट्राच्या, म्हणजे विदर्भ-मराठवाडा सोडून उरलेल्या भागाच्या नावावर लागले. विदर्भाला हे झोंबलं, आणि का झोंबू नये?

आता पीक विमा. 1976 मध्ये त्यांनी मांडलेली सूचना साधी होती. प्रत्येक शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन नुकसान ठरवणं कोणालाही झेपणार नाही. त्यात खोटेपणाला वाव फार. म्हणून विमा शेताचा नको, क्षेत्राचा हवा. 1985 ची सर्वंकष पीक विमा योजना याच पायावर उभी राहिली आणि आजचीही तशीच चालते. महसूल मंडळातली, म्हणजे काही गावांच्या गटातली, काही शेतं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, पीक ऐन काढणीला आलं की शेतात ठरावीक मापाचा तुकडा दोरीने आखायचा, तेवढंच कापून, मळून, तोलायचं. हा पीक कापणी प्रयोग. त्यांची सरासरी उंबरठा उत्पन्नाच्या, म्हणजे आधीच्या वर्षांच्या उत्पन्नावरून ठरवलेल्या पातळीच्या, खाली गेली तर मंडळातल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई, नाहीतर कुणालाच नाही. ओढ्याकाठचं तुमचं सोयाबीन वाहून गेलं, पण मंडळ तरलं, तर तुमच्या हाती काही नाही. दांडेकरांना ही उणीव ठाऊक होती. प्रामाणिकपणे राबवता येईल अशी दुसरी पद्धत त्यांना दिसत नव्हती. पुढे गारपीट, अतिवृष्टीचं पाणी साचणं यासाठी वैयक्तिक पंचनाम्याची सोय झाली. महाराष्ट्राने 2025 च्या खरिपात ती काढून पुन्हा कापणी प्रयोगावर भर दिला. तेव्हा भरपाई बुडायला नको असेल तर आधी आपल्या मंडळात कापणी कुठल्या शेतात होतेय, ते बघायला हजर राहा.