गोळी घेतली का, आठवत नाही

श्रोतेहो, नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही जा. घरातलं वडीलधारं माणूस विसरायला लागलं की "वय झालं" म्हणून विषय मिटतो. पण त्या माणसाला दहा-बारा वर्षांची शुगर असेल, तर तो असा मिटवू नका.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के. तरी शरीराची सुमारे 20 टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो आणि ती मुख्यतः रक्तातल्या ग्लुकोजमधून घेतो. त्याच्याजवळ साठा जवळपास नसतोच. साखर चढली तरी त्याला त्रास, उतरली तरी त्रास.

चढलेली साखर सावकाश, वर्षानुवर्षं नुकसान करते. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते, पेशींना प्राणवायू अपुरा पडतो. शिवाय नवी आठवण पक्की करणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात पेशींचे दुवे मजबूत ठेवायला इन्सुलिनचीही मदत असते. त्याला पेशी दाद देईनाशा झाल्या की तेही काम ढिलं पडतं. मग चाळीस वर्षांपूर्वीचं लग्न आठवतं, सकाळची गोळी घेतली का हे आठवत नाही.

आम्हाला सगळ्यात जास्त भीती वाटते ती इथं. आठवत नाही म्हणून साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी दुसऱ्यांदा घेतली जाते. किंवा एकादशीचा उपवास असतो आणि गोळी मात्र नेहमीसारखी पोटात जाते. साखर 70 च्या खाली येते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं सुरू होतं. साखर फारच उतरण्याचे प्रसंग वारंवार आले, तर स्मृती आणखी खालावू शकते आणि पुढची गोळी चुकण्याची शक्यता वाढते.

अशा वेळी चहाचे 3 चमचे साखर अर्धा पेला पाण्यात विरघळवून द्या. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमीच असेल तर परत तेवढीच द्या. नंतर भाकरी किंवा भात. कुंदा, करदंट असली मिठाई त्या घटकेला नको. त्यातल्या स्निग्धांशामुळं साखर रक्तात उशिरा पोचते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि 108 ला फोन लावा.

आठवड्याच्या गोळ्या सात कप्प्यांच्या डबीत घरच्या कुणीतरी भरून ठेवाव्यात.

मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल, तर बी-12 या जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करून घ्या. ते कमी झालं तरी विसरणं वाढतं, पायांना मुंग्या येतात. आणि यावर उपचार आहे. गोळी मात्र मनानं बंद करू नका.

एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी, 7 टक्क्यांच्या आत आणायची घाईही नको. विसरणाऱ्या वृद्धांना डॉक्टर बऱ्याचदा 8 पर्यंत मोकळीक देतात, ती साखर उतरू नये म्हणून.

डॉक्टर स्मरणाची चाचणी घेतात तेव्हा तीन शब्द सांगून थोड्या वेळानं ते विचारतात, घड्याळ काढायला लावतात. आजी-आजोबांना कन्नड नीट येत नसेल, तर ही चाचणी मराठीतून घ्यायची विनंती करा. नाहीतर न कळलेला शब्दही विसरल्यातच मोजला जातो.