मावशीच्या जिन्यावरचा पंखा

(इंदूर, लोकमान्य नगर. मे महिना, रात्रीचे साडेदहा.)

खिडकीच्या गजाला मावशीनं वर्तमानपत्राची एक पट्टी बांधली आहे. ती निपचित लोंबते आहे. काका जिना चढून वर जातात, खटका दाबतात. वरून घरघर सुरू होते आणि खाली पट्टी हलते, उचलते, आत घराकडे आडवी होऊन फडफडायला लागते.

"आली बघ," मावशी म्हणते.

काय आलं? माळव्याची गार रात्र. 'सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा' (सकाळ बनारसची, संध्याकाळ अवधची, रात्र माळव्याची) हे इथे लहान पोरालाही ऐकून ठाऊक असतं. साधारण 550 मीटर उंचीचं हे पठार मे महिन्यात दुपारी 40 अंशांपर्यंत तापतं आणि पहाटे पंचविशीच्या आसपास उतरतं. अडचण एवढीच, की ही रात्र गच्चीवर येते, घरात येत नाही. दिवसभर भाजलेला स्लॅब मध्यरात्रीही ऊब सोडत असतो आणि छताचा पंखा तीच गरम हवा आपल्या अंगावर ढकलत राहतो. पूर्वी गाद्या उचलून सगळे गच्चीवर जायचे. आता मावशीचे गुडघे जिना चढू देत नाहीत.

म्हणून काकांनी केलेला उपाय: घरातली गरम हवा बाहेर फेकून खिडक्यांतून गार हवा आत ओढणारा पंखा. अमेरिकेत अशा पंख्याला 'होल हाऊस फॅन' म्हणतात. तिथल्या घरांना उतरतं छप्पर आणि त्याखाली माळा. वरच्या मजल्याच्या छतात पंखा बसवतात. तो घरातली हवा माळ्यात ढकलतो आणि तिथल्या झरोक्यांतून ती बाहेर जाते. आपल्याकडे स्लॅब, आणि त्यावर थेट गच्ची. म्हणून काकांनी जिना निवडला. गरम हवा नाहीतरी तिथूनच वर चढते. गच्चीच्या दाराशेजारच्या खिडकीची काच काढून तिथे एक्झॉस्ट फॅन बसवला, बाहेर हवा फेकणारा.

मोरीतला छोटा पंखा इथे कामाचा नाही. दोन्ही मजले मिळून 1000 चौरस फूट, उंची 10 फूट, म्हणजे घरात 10,000 घनफूट हवा. ती तासाला वीसदा बदलायची तर मिनिटाला सुमारे 3,300 घनफूट खेचावी लागते. कारखान्यात दिसतो तसला पंखा. आवाजही तसलाच, हे आधीच सांगून ठेवते.

पहिल्या रात्री मात्र फजिती झाली. डासांच्या भीतीनं खिडक्या बंद आणि पंखा चालू. दारं धाडधाड आपटली आणि मोरीच्या जाळीतून गटाराचा वास घरभर पसरला. पंख्याला हवा हवीच असते; खिडकीतून मिळाली नाही तर तो भोकाभोकातून ओढतो. गॅस गीझर चालू असेल तर हाच खेळ जिवावर बेतू शकतो, कारण बाहेर जायचा धूर उलटा घरात येतो. तेव्हापासून मावशीचा दंडक: आधी खिडक्या, मग खटका. खिडक्यांना आता जाळ्या आहेत. त्यातही सगळ्या उघडायच्या नाहीत. झोपायच्या खोलीतलीच उघडली की सगळी झुळूक पलंगावरून जाते.

(भिंतीवर टेकलेला मावशीचा तळहात.)

हवा तर काही मिनिटांतच बदलते. मग पंखा रात्रभर कशाला? या भिंतीसाठी. एक घनमीटर काँक्रीट एका अंशानं निववायला, तेवढ्याच हवेच्या दीड हजार पटींहून अधिक उष्णता काढून न्यावी लागते. म्हणून भिंत सावकाश निवते. पण एकदा निवली की दुपारपर्यंत तीच घराला सांभाळते, फक्त सकाळी खिडक्या वेळेवर लागल्या पाहिजेत. एसी चालू असताना हा पंखा लावणं म्हणजे विकतची थंड हवा गच्चीवर उडवून देणं. आणि जुलैत, बाहेरच दमट असताना, हा काही कामाचा नाही. पावसाळ्याआधीची धुळीची वावटळ आली तर काका आधी जिन्याकडे धावतात.

(सकाळ. ऊन अजून समोरच्या भिंतीवर.)

काका पेपर वाचत बसलेत, मागची खिडकी उघडीच.

"अहो, सात वाजले. लावा की ती."

"हा शेवटचा रकाना होऊ दे."

मावशी स्वतःच उठते आणि कडी घालते.