उभ्याने खाल्लेल्या नेवऱ्या

(फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयात दिलेलं व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडं संपादित केलं आहे.)

मंडळी, नमस्कार. एवढ्या पावसात आलात, बाहेर छत्र्यांची रांग लागलीय, बघून बरं वाटलं. पत्रिकेत ‘भावनिक खाणे आणि अन्नाशी निरोगी नाते’ असं छापलंय. मी फोनवर एवढंच म्हटलं होतं की, मन उदास झालं की आपण डबे का उघडतो, त्याबद्दल बोलेन. आणि त्यावर उपाय काय, हेही सांगायचं कबूल केलंय. ते शेवटी सांगते.

मी डॉक्टर नाही. ३३ वर्षं शाळेत मराठी शिकवलं, तेव्हा भाषेपासूनच सुरुवात करते. आपल्याकडे भूक ‘लागते’ आणि खाखा ‘सुटते’. दोन क्रियापदं वेगळी आहेत, कारण गोष्टी वेगळ्या आहेत. भूक लागते ती हळूहळू, पोटात. तिला पेज चालते, शीत-कढी चालते, कालचा कडक झालेला उंडा पावही चालतो. खाखा सुटते ती एकदम, दावं तुटलेल्या वासरासारखी, आणि तिला अमुकच हवं असतं. चिवडाच, बिस्किटंच, फ्रीजमधला तो केकच. घरात कोंकणीत म्हणतोच आपण, ‘तोंडाक कितें तरी जाय.’ पोटाला हवं असं कोणी म्हणत नाही, तोंडाला म्हणतात. आपल्या आज्यांना हा फरक नीट ठाऊक होता.

वाक्प्रचार शिकवताना मी मुलांकडून फळ्यावर यादी करून घ्यायचे. माणूस काय काय खातो? मार खातो, शिव्या खातो, भाव खातो, हवा खातो, पैसे खातो. (हशा) ‘पैसे’ला वर्गातही असंच हसायचे. एके वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. म्हणाला, ‘बाई, आजोबा गेले तेव्हा आजीने हाय खाल्ली.’ वर्ग गप्प झाला. मी ‘हाय खाणे’ फळ्यावर लिहिलं, पण अर्थ त्या दिवशी सांगितला नाही.

तो अर्थ मला पुढे कळला. माझी आई श्रावणात गेली. त्या वर्षी आमच्याकडे चवथ, गणेशचतुर्थी, नव्हती, म्हणजे गणपतीवर बांधायची फळा-फुलांची माटोळी नाही, गोडधोड नाही. आणि ज्या घरी सण नाही, त्या घरी शेजारीपाजारी फराळ आणून देतात, ही आपली रीत. चार घरांतून नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्या, आल्या. मी त्या निडोच्या डब्यात भरल्या. दुधाच्या पावडरीचा तो पिवळा डबा कोणीतरी कुवेतहून आणलेला, आईच्या वापरातला. तुमच्यापैकी निम्म्या घरांत तसा एक असेल. (होकारार्थी माना)

रात्री अकरानंतर मी स्वयंपाकघरात जायचे. दिवा लावायचा नाही. कट्ट्याशी उभं राहायचं, झाकण नखाने उचकटायचं, कारण बोटांनी ओढलं की ‘टक्’ वाजतं. एक खायची, मग दुसरी. कट्ट्यावरचा चुरा ओल्या फडक्याने पुसायचा. डबा अर्धा झाला तेव्हा मी तळाशी वर्तमानपत्राचे बोळे घातले आणि वर नेवऱ्या लावल्या, भरलेला दिसावा म्हणून. घरात कोणी मला एका शब्दाने बोलत नव्हतं. तरी मी हे सगळं लपवत होते.

एका रात्री सातवी नेवरी चावताना लक्षात आलं की मी जायफळ शोधतेय. आई सारणात खसखस, तीळ, वेलचीबरोबर किंचित जायफळ घालायची. चार घरच्या नेवऱ्यांत कुठेच ते नव्हतं, आणि मी एकामागून एक फोडत होते. त्याला हावरेपणा म्हणायचं का? मी तेव्हा म्हणत होते. आज म्हणणार नाही, आणि तुमच्या घरात कोणी असं करत असेल तर तुम्हीही म्हणू नका, एवढ्यासाठी आज आले आहे.

वर्षभरात वजन नऊ किलो वाढलं, साखर काठावर आली. कोणीतरी सांगितलं म्हणून एका आहारसल्ला केंद्रात गेले. नाव सांगत नाही. बाहेरच्या खोलीत दहा-बारा माणसं बसलेली, काटा तिथेच. मुलीने आकडा मोठ्याने वाचला आणि पलीकडच्या मुलीने लिहून घेतला. मग आत बोलावून छापील कागद हातात दिला. सकाळी ओट्स, दुपारी ब्राऊन ब्रेड आणि ब्रोकोली, रात्री सूप. भातावर फुली, नारळावर फुली. ‘मासे फक्त ग्रिल्ड.’

आता सांगा, गोव्यात नारळावर फुली मारल्यावर घरात रांधायचं काय? हुमण नाही, सोलांची कढी नाही, खतखतं नाही, किसमूरसुद्धा नाही. उकड्या तांदळाची पेज आणि मिठातली तोर, म्हणजे कैरी, खाऊन माझी आजी नव्वदीपर्यंत शेतात वाकत होती, ती पेजही बाद. नवरा बांगड्याचं हुमण जेवतोय आणि समोर मी सूप पितेय. एकाच घरात दोन पानं वेगळी झाली. माझी खरी तक्रार मात्र कागदाची नाही. त्या पाऊण तासात मला कोणीही विचारलं नाही की बाई, तुम्ही कधी खाता? कुठे खाता? कोणाबरोबर? आणि वर्षभरात घरात काय घडलं? हे चार प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात. विचारले असते तर मी तिथेच रडले असते, आणि अर्धं काम झालं असतं.

कागद मी एकोणीस दिवस पाळला. विसाव्या दिवशी शेजारच्या बारशाला केकचा तुकडा खाल्ला. एकच. पण मनात आलं, ‘आता मोडलंच आहे.’ त्या रात्री फ्रीज रिकामा केला.

पुढे वाचताना कळलं की हे माझ्या एकटीचं नाही. १९७५ साली अमेरिकेत हर्मन आणि मॅक या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग आइस्क्रीम हवं तेवढं खायला दिलं. ज्या एरवी खाण्यावर बंधन घालत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. ज्या सतत डाएट करत होत्या, त्यांनी उलट जास्त खाल्लं. नियम मोडल्यावर थांबायचं कारणच उरत नाही. त्याआधी, दुसरं महायुद्ध चालू असताना, मिनेसोटात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. तरुण स्वतःहून तयार झालेले. काही आठवड्यांत ते पाककृतींची पुस्तकं वाचायला लागले, बोलणं सगळं अन्नाचं, स्वप्नंही अन्नाची. उपासमार संपल्यावर काहींना पोट फुटेस्तोवर खाऊनही भूक भागेना. धडधाकट मुलांची ही गत, मग दुःखात असलेल्या माणसाच्या हातात फुल्यांचा कागद देऊन आपण काय साधतो?

जाता जाता एक. लग्नात, जत्रेत भेटल्यावर ‘अगो, किती भरलीस!’ हे बोलणं बंद करूया. मायेने म्हणतो, मला मान्य आहे. पण ऐकणारी घरी जाऊन रात्री डबा उघडते. मी उघडलाय.

(व्यासपीठावर चिठ्ठी येते.) दहा मिनिटं म्हणताहेत. बरं, कबूल केलेलं भराभर सांगते.

शरीराचं थोडक्यात. अचानक धक्का बसला की भूक मरते. पण काळजी महिनोन्महिने चालली की कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढतं आणि गोड, तुपकट खावंसं वाटतं. झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, म्हणून जागरण करणाऱ्याला रात्री खाखा सुटते. आणि गोडाने बरं वाटतं हे खोटं नाही. नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेण्याआधी जिभेवर साखरपाण्याचे थेंब दिले तर ते कमी रडतं. खाऊन दिलासा मिळतो, म्हणूनच आपण खातो. पण तो थोडाच वेळ टिकतो, आणि तोच एकमेव आधार झाला की पंचाईत होते.

मग करायचं काय? खाणं थांबवू नका, आधी बसा. माझं सगळं म्हणणं या एका शब्दात आहे. रात्री खावंसं वाटलं तर दिवा लावा, ताटलीत घ्या, डबा बंद करा, खुर्चीवर बसून खा. चार नेवऱ्या खायच्या तर चार घ्या. उजेडात, बसून खाल्लेलं जिभेला कळतं, किती झालं ते पोटाला कळतं. अंधारात उभ्याने खाल्लेलं कळत नाही, म्हणून ते संपत नाही. लपवणं सुटलं तेव्हा माझं खाणं आपोआप कमी झालं. निग्रह करून पाहिला होता, त्याने झालं नव्हतं.

दुसरं, दिवसा उपाशी राहू नका. अकराची पेज, दुपारचं जेवण, संध्याकाळी काहीतरी, सगळं वेळेवर. दिवसभर काटकसर केली की रात्री वसूल होते. मधुमेह असेल तर किती आणि काय ते डॉक्टरांना विचारा, पण आपल्या जेवणातलंच मागा. कुळीथ, चवळी, तांबडी भाजी, बांगडा, उकडे तांदूळ बेताने. हे सगळं आपलंच आहे. तिसरं, डब्याकडे हात गेला की स्वतःला विचारा, आत्ता पेज दिली तर चालेल का? चालेल तर भूक आहे, जेवा. नाही चालणार तर दुसरं काहीतरी हवं आहे. कधी झोप, कधी कोणाशी बोलणं, कधी नुसतं रडणं. उत्तर कळूनही खाल्लंत तरी चालेल. विचारायची सवय लागू दे.

आणि हे महत्त्वाचं. थोड्या वेळात खूप खाल्लं जातं, थांबवता येत नाही, असं आठवड्यातून एकदा तरी होतं आणि तीन महिने चाललंय, तर तो आजार असू शकतो. २०१३ पासून अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या सूचीत तो स्वतंत्र आजार म्हणून आहे, आणि त्यावर उपचार आहेत. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, तिथे जायला लाजू नका. सरकारची टेलिमानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते. मुलांच्या वह्यांवर लिहून ठेवा, कॉलेजच्या मुलींना तर नक्की सांगा.

शेवटचं सांगते आणि थांबते. वर्ष झालं, चवथ आली. नेवऱ्या मी स्वतः केल्या, सारणात जायफळ किसून घातलं. रात्री सगळे निजल्यावर स्वयंपाकघरातला दिवा लावला, ताटलीत तीन घेतल्या आणि टेबलाशी बसले. दोन खाल्ल्या. तिसरी हातात घेतली, आणि बेळगावला बहिणीला फोन लावला. साडेअकरा झाले होते, ती घाबरूनच उठली. काय बोलावं ते मला सुचेना. म्हटलं, ‘नेवऱ्या केल्यात.’ ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘जायफळ घातलंस?’