फुटाण्या द्राक्षाची गोष्ट

नमस्कार श्रोतेहो.

इटलीची वाइन म्हटलं की आपल्या कानावर तीन-चार नावं येतात. कियान्ती, प्रोसेको, फार तर बारोलो. पण त्या देशाच्या सरकारी नोंदवहीत वाइनच्या द्राक्षांचे ५००हून अधिक वाण आहेत. पाचशेहून अधिक! त्यांतले कितीतरी एखाद्या दरीपुरते, चार-दोन गावांपुरते उरलेले. आज त्यातल्या एकाचीच गोष्ट सांगायला मी आलो आहे. नाव जरा जिभेवर घोळवा : स्क्योपेत्तीनो. इटालियनमध्ये तडतड फुटण्याला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडलं. दाताखाली मणी टचकन फुटतो म्हणून, असं म्हणतात. आपल्याकडे असतं तर त्याला फुटाण्याच म्हटलं असतं.

इटलीच्या ईशान्य टोकाला, स्लोव्हेनियाच्या सीमेला लागून फ्रिउली नावाचा प्रदेश आहे. तिथल्या पेर्कोतो गावी नोनीनो घराण्याची भट्टी आहे, १८९७पासूनची. वाइनसाठी रस काढून घेतला की मागे चोथा उरतो, साली आणि बिया. तो चोथा गाळून ग्राप्पा नावाची कडक दारू करतात. गरिबांची दारू, थंडीत शेतावर जाण्याआधी घ्यायची. सगळ्या द्राक्षांचा चोथा एकत्र ओतायचा, हीच रीत. बेनितो आणि जान्नोला नोनीनो या नवरा-बायकोच्या मनात आलं की एकाच वाणाच्या चोथ्याची ग्राप्पा करून पाहू. वाण निवडला पिकोलीत, अगदी थोडा पिकणारा. आता हा चोथा वेगळा ठेवणार कोण? सुगीच्या घाईत कुणाला वेळ आहे? जान्नोलाबाई गेल्या त्या बागाईतदारांच्या बायकांकडे. चोथा निराळा ठेवा, ताजा ठेवा, आम्ही पैसे देऊ. बायकांनी तो ठेवला आणि १९७३ साली एका वाणाची ग्राप्पा तयार झाली.

मग त्यांना फ्रिउलीच्या इतर जुन्या वाणांचा चोथा हवा झाला. स्क्योपेत्तीनो, पिन्योलो आणि तात्सेलेंगे. तात्सेलेंगे म्हणजे जीभ कापणारं, इतकं ते तुरट! शोधायला गेले तर कळलं की या वेली जवळजवळ संपल्यात. आणि दुसरी गोष्ट कळली, ती नीट ऐका. या वेली लावायला कायद्याने परवानगीच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने युरोपभर द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या. पुन्हा लागवड करताना लोकांनी मेर्लोसारखे भरवशाचे परदेशी वाण घेतले. पुढे परवानगी असलेल्या वाणांच्या याद्या झाल्या, तेव्हा या बिचाऱ्यांचं नाव यादीत आलंच नाही. आपल्याच मातीतला वेल, आणि तो लावणं बेकायदा.

त्याच सुमारास चाल्ला नावाच्या लहानशा दरीत, प्रेपोत्तो गावाजवळ, पाओलो आणि दिना रापुत्सी हे जोडपं राहायला आलं. साल १९७०. त्यांनी ठरवलं, इथे फक्त इथलेच वाण लावायचे. फ्रिउलीत शोधलं, सीमेपलीकडेही शोधलं. कुणाच्या बांधावर एक, कुणाच्या परसात दोन. सगळ्या मिळून शंभर वेलीही भरल्या नाहीत. शंभरसुद्धा नाहीत! त्यांच्या काड्या घेतल्या, खुंटांवर कलमं बांधली आणि बाग उभी केली. कायद्याच्या लेखी हा गुन्हा होता.

नोनीनोंनी काय करावं? त्यांनी २९ नोव्हेंबर १९७५ रोजी एक पुरस्कारच जाहीर केला. रिसीत दाऊर, म्हणजे सोन्याची कलमकाडी. जो शेतकरी हे जुने वाण लावेल त्याला. म्हणजे जे करायला बंदी, त्यालाच बक्षीस, आणि तेही चारचौघांत. १९७६ साली पहिला मान मिळाला रापुत्सी दांपत्याला. बोभाटा झाला, तो व्हायलाच हवा होता. १९७८ साली परवानगी आली. पण रापुत्सींची पहिली स्क्योपेत्तीनो त्याच्या आधीची, १९७७च्या सुगीची.

ही गोष्ट मी आजवर कितीदा सांगितली असेल, पण चोथा वेगळा ठेवणाऱ्या त्या बायकांपाशी आलो की दर वेळी थांबावंसं वाटतं. त्यांची नावं कुठल्या बाटलीवर नाहीत.

चवीचं म्हणाल तर या वाइनला मिऱ्यांचा वास येतो. ही कवीकल्पना नाही. काळ्या मिरीत रोटंडोन नावाचं जे द्रव्य असतं, तेच या द्राक्षाच्या सालीत भरपूर असतं. म्हणूनच मला वाटतं, काळ्या मसाल्याच्या मटणाशी हिचं चांगलं जमेल. आणि रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात ना, ती खोली युरोपातल्या दगडी घरातली. आपल्या एप्रिलमधली नव्हे. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, खुशाल ठेवा.

जाता जाता आणखी दोन नावं. इटलीच्या वायव्येला पिएमोंते प्रदेशात तोर्तोना शहराजवळ तिमोरास्सो हे पांढरं द्राक्ष आहे. वेल लहरी, पीक बेभरवशाचं, म्हणून शेतकऱ्यांनी ते काढून टाकलं होतं. वाल्तेर मास्सा यांनी १९८०च्या दशकात ते घरच्या बागेत पुन्हा धरलं. आता शेजारीपाजारीही लावतात, आणि तोर्तोनाचं रोमन काळातलं देर्तोना हे नाव त्या वाइनला मिळालंय. दुसरं रुके. त्याच पिएमोंतेतल्या कास्तान्योले मोन्फेर्रातो गावच्या चर्चचे पाद्री जाकोमो काउदा यांनी चर्चच्या जमिनीतल्या जुन्या वेली जपल्या आणि स्वतः वाइन केली. २०१०मध्ये तिला इटलीचा सर्वांत वरचा दर्जा मिळाला.

आपल्या नाशकाकडे एके काळी भोकरी द्राक्षं होती, फकडी होती. बी असलेली, दाताला लागणारी. आज सगळीकडे बिनबियांचा थॉम्सन आणि त्याचे भाऊबंद. त्यांना नावं ठेवत नाही, त्यांच्यावर घरं चालतात. पण ज्यांच्या मळ्यात कडेला एखादा जुना बियांचा वेल अजून असेल, त्यांनी तो तोडू नये, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे. काडी तरी कुणाला द्या.

बाटली निवडताना लेबलावर 'आझिएंदा आग्रिकोला' हे दोन शब्द शोधा. आझिएंदा आग्रिकोला. द्राक्षं त्यांच्या स्वतःच्या बागेतली आहेत, असा त्याचा अर्थ. आणि दुकानदाराला ते नाव विचाराच, उच्चार थोडा चुकला तरी चालेल. स्क्यो-पेत्-ती-नो.

नमस्कार.