रोकडा धर्म

मी देव मानत नाही. नवस कधी बोललो नाही, अंगारा लावला नाही, वडील गेले तेव्हा पिंडदानालाही बसलो नाही. तरी काही ठिकाणी माझा आवाज आपसूक खाली येतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा त्यांतली एक.

टाटा रुग्णालयात कॅन्सरच्या उपचारांसाठी गावोगावहून आलेली माणसं इथे राहतात. या ताई बघा. नवऱ्याला तोंडाचा कॅन्सर, नाकातून नळी घातलेली. चित्रीकरणाला हो म्हणाल्या ते एकाच अटीवर: तंबाखू सोडा, एवढं लोकांना सांगा.

पेज मलमलीतून गाळतात. एखादं शीत राहिलं तरी नळी तुंबते. मनगटावर थेंब टाकून कोमट आहे ना, ते बघतात. मग सिरिंज उंच धरून पेज सावकाश सोडायची. शेवटी पाणी सोडून नळी धुवायची. नवऱ्याला बोलता येत नाही. पोट भरलं की बोट वर करतो. दोन-तीन तासांनी पुन्हा हेच सगळं.

पूजेतलं जे मला कधी उमगलं नाही, ते इथे उमगतं. तीच कृती, तितक्याच निगुतीने, रोज. सोवळंसुद्धा आहे: साबणाने हात धुतल्याशिवाय नळीला शिवायचं नाही. त्यामागचं कारण जंतुसंसर्ग, हे मला ठाऊक आहे. कारण ठाऊक असल्याने माझ्या लेखी त्याचं पावित्र्य तसूभरही कमी होत नाही.

गाडगेबाबा 1876 साली जन्मले, 1956 साली गेले. गावात शिरले की खराटा घेऊन रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनात बजावायचे: देवापुढे बकरं कापू नका, ऋण काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला. पंढरपूर, आळंदी, नाशिक इथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. दादरची ही त्यांच्या माघारी झाली. भुकेल्याला अन्न, बेघराला आसरा, रोग्याला औषध, हा त्यांचा रोकडा धर्म. ते भक्त होते, मी नाही. त्यांच्या ‘गोपाला गोपाला’त मला सूर मिसळता येत नाही. या कामापाशी मात्र आमची गाठ पडते.

शेजारच्या खोलीत बिहारहून आलेला एक मुलगा आहे. त्याच्या आईलाही आता नळी घातलीय. ताई त्याला सिरिंज कशी धरायची ते दाखवतायत. त्याला मराठी येत नाही, ताईंची हिंदी मोडकीतोडकी. तुम्हाला हे कुणी शिकवलं, असं विचारलं तर म्हणाल्या, “इथल्याच एका बाईनं. ती गेली गावाला परत.”