आत्याची अंगठी आणि बावीस नोंदी

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मुलगा की मुलगी: घरच्या घरी करायच्या चाचण्या किती खऱ्या?’ उत्तराला दहा मिनिटं पुरतील आणि मला पाऊण तास दिलाय. तेव्हा आधी आत्याची अंगठी.

माझी आत्या सगळ्या गोतावळ्यात अंगठीवाली म्हणून प्रसिद्ध. कुणाला दिवस गेले की तिला बोलावणं. ती स्वतःच्या डोक्यावरचा एक लांब केस उपटायची, त्यात अंगठी ओवायची आणि पोटावर धरायची. गोल फिरली तर मुलगी, सरळ झुलली तर मुलगा. ‘माझी अंगठी आजवर चुकलेली नाही,’ हे तिचं वाक्य. पुढे मी जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं ते या वाक्यावरच्या रागातून.

चौदाव्या वर्षी मी एक वही घातली. आत्या काय म्हणाली ते त्याच दिवशी लिहायचं, बाळ झालं की शेजारी निकाल. पाच वर्षांत २१ नोंदी झाल्या. बरोबर ११, चूक १०. सगळे जमलेले असताना मी ती वाचून दाखवली. वाटलं होतं, आत्या खजील होईल. छे! एकदा वारा होता. एकदा काकूनं पाय हलवला. एकदा म्हणे, ‘मी तेव्हाच म्हटलं होतं, नीट कळत नाहीये.’ असं ती म्हणाली नव्हती, वहीत आहे. पण खरा घाव पुढेच. जिच्या बाबतीत आत्या साफ चुकली होती ती वहिनीच म्हणाली, ‘अगं, मला तर बरोबर सांगितलं होतं त्यांनी!’ तेव्हापासून माणसांच्या आठवणीवर माझा विश्वास नाही. हसताय, पण तुमच्याही घरी अशी एक वहिनी आहे.

आत्या फसवत नव्हती हो. शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८३३ मध्ये लंबकावरचे आपले प्रयोग छापले. डोळे बांधले की त्याच्याच हातातला लंबक मंदावत थांबायचा. मनात जी अपेक्षा असते तिच्यामागून हाताचे स्नायू नकळत जातात. अंगठी आत्याच्या मनातलं सांगायची, पोटातलं नाही.

आता माझं लाडकं म्हणणं. दहांत एकदाच बरोबर येणारी चाचणी उत्तम असते, उत्तर उलटं वाचायचं की झालं! पूर्ण कुचकामी ती, जी निम्म्या वेळा बरोबर येते. आणि नेमकी तीच टिकते, कारण निम्मं गाव तिची साक्ष द्यायला तयार असतं. इजिप्तमधल्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या पपायरसांत, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या लिखाणांत, गहू आणि जव बाईच्या लघवीनं भिजवायला सांगितलेत. उगवलं तर दिवस गेलेत, आणि कुठलं धान्य उगवतं त्यावरून मुलगा की मुलगी. १९६३ मध्ये ते करून पाहिलं. गरोदरपण सुमारे ७० टक्के वेळा ओळखू आलं. मुलगा-मुलगी मात्र नाही. आणि गंमत म्हणजे…

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, छापलेला विषय.

सोडा. लघवीत खायचा सोडा टाकला आणि फेस आला तर मुलगा. फेस येतो आम्लतेमुळे, आणि ती खाण्यापिण्यावर, जंतुसंसर्गावर बदलते. नवऱ्याचीही लघवी फेसाळते. त्याला काय सांगायचं?

आईचं वय आणि दिवस गेल्याचा महिना जुळवायचा चिनी तक्ता: स्वीडनमधल्या १९७३ ते २००६ च्या सुमारे २८ लाख जन्मांवर तपासला. निम्मे बरोबर. आत्याची वहीच, जरा जाडजूड. बाळाचे ठोके १४० च्या वर म्हणजे मुलगी, हेही तपासलंय. पहिल्या तिमाहीत मुलग्या-मुलीच्या ठोक्यांत फरक सापडत नाही.

राहिलं रक्ताच्या थेंबाचं किट. यात खरं शास्त्र आहे. आईच्या रक्तात बाळाचा डीएनए फिरतो, हे डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं. त्यात वाय गुणसूत्राचे तुकडे शोधतात. सापडले तर मुलगा, नाही तर मुलगी. म्हणजे ‘मुलगी’ हे उत्तर काही न सापडण्यातून येतं, हे लक्षात घ्या! फार लवकर रक्त घेतलं तर बाळाचा डीएनए पुरेसा नसतो आणि मुलग्याची मुलगी होते. घरी बोट टोचताना कुणा पुरुषाचा डीएनए नमुन्यात गेला की मुलीचा मुलगा. हात घासून धुवा, पुरुषांना लांब ठेवा, असं सांगतात ते यासाठी. तो सोवळ्याचा प्रकार नाही. २०११ मध्ये ५७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मुलगा असताना रक्ताची चाचणी शंभरात साधारण ९५ वेळा बरोबर आली. सातव्या आठवड्याआधी भरवसा नाही, आणि लघवीवरच्या चाचणीवर कधीच नाही. पण ते आकडे नीट घेतलेल्या नमुन्यांचे. स्वयंपाकघरात टोचलेल्या बोटाला ते तसेच चिकटवू नका. जुळी असतील तर एका मुलग्याचा वाय दिसतो, दुसऱ्याचं काही कळत नाही. जुळ्यांचं गणित सुंदर आहे, पण दुसरी चिठ्ठी आली.

वही इथे टेबलावर ठेवते, पानं जपून उलटा. बाविसावी नोंद बऱ्याच वर्षांनंतरची आहे, माझ्या लेकीची. आत्या बरोबर निघाली, आणि शेवटपर्यंत मला ऐकवत राहिली.