सांदवाडीतली भाजी

[दृश्य: धानाच्या बांध्या, रोवणी करणाऱ्या बाया]

रामटेक, मौदा, पारशिवनी. नागपूर जिल्ह्यातला हा धानाचा पट्टा. रोवणीच्या दिवसांत इथल्या बाया सकाळी चिखलात उतरतात, त्या दिवस कलल्यावरच बांधीबाहेर येतात. भाजी घ्यायची ती आठवडी बाजारातून. बाजाराची पिशवी तीन-चार दिवसांत रिकामी होते आणि मग पुढच्या बाजारापर्यंत भात, वरण, चटणी. त्यातही सगळ्यांची जेवणं उरकल्यावर बाई स्वतःचं ताट वाढून घेते, तेव्हा कढईत नुसता रस्सा उरलेला असतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. पाच वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण जवळपास ६९ टक्के. हे आकडे वाचताना ती कढई डोळ्यांपुढे असावी.

[दृश्य: घरामागची सांदवाडी]

सांदवाडी म्हणजे घरामागची परसबाग. मधोमध खताचा खड्डा, त्याभोवती गोल मांडलेले सात वाफे. रोज एका वाफ्यातली भाजी खुडायची, म्हणजे आठवडा निभतो. राज्याच्या 'उमेद' या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने 'माझी पोषण परसबाग' ही मोहीम बचत गटांमार्फत गावोगावी नेली, त्यात बायांनी अशा बागा लावल्या.

या ताईंनी मेथी एकदम पेरलेली नाही. आठ-दहा दिवसांच्या अंतराने थोडी थोडी पेरली आहे. एक वाफा संपत येतो तोवर दुसरा खुडायला येतो. पालक त्या उपटत नाहीत. बाहेरची पानं विळ्याने कापतात, मधला कोंब राखतात, म्हणजे पुन्हा फुटवा येतो. चवळीवर मावा दिसला की चुलीतली राख भुरभुरतात. मोरीचं पाणी केळी आणि अळूकडे वळवलं आहे. कुंपणावर दोडका आणि वाल. कोपऱ्यात शेवगा, नुसती फांदी रोवून लावलेला. त्याच्या शेंगा सगळेच खातात. पाला मात्र फुकट जातो, आणि खरं पोषण त्या पाल्यात आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे माणशी रोज १०० ग्रॅम पालेभाजी हवी. पाच जणांच्या घराला अर्धा किलो. बाजारातून रोज एवढी आणणं रोजमजुरीच्या घराला झेपत नाही. सांदवाडीतून पुष्कळ दिवस निघते.

पण पाल्यातलं लोह अंगी कमी लागतं. म्हणून भाजीवर लिंबू पिळावं, जेवणाला लागून चहा घेऊ नये. आणि आशाताई देतात त्या लोहाच्या गोळ्या बागेच्या भरवशावर सोडू नयेत. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण बागेचं कौतुक करताना नेमकं हेच राहून जातं.

[दृश्य: ताई भाजी निवडताना]

आमच्या मते या बागेची खरी मिळकत वेगळी आहे. सातबारा बहुतेक घरी नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. धानाचे पैसेही त्यांच्याच हाती. सांदवाडीत काय पेरायचं ते मात्र बाई ठरवते, आणि भाजीसाठी तिला कुणाकडे पैसे मागावे लागत नाहीत. म्हणूनच बाग चांगली पिकू लागली की सगळी भाजी बाजारात जाण्याचा धोका असतो. आधी घरची ताटं, त्यात तिचंही ताट, आणि उरेल ते विकायचं. हा नेम गटाने पहिल्याच बैठकीत करून टाकलेला बरा.

[दृश्य: उन्हाळा, हिरवी जाळी]

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, विहिरी तळाला लागतात. मेथी, पालक तेव्हा टिकत नाहीत. थोड्या पाण्यावर आणि जाळीच्या सावलीत चिवळ आणि घोळ या पालेभाज्या तग धरतात. मृगाचा पाऊस पडला की अंबाडी, भेंडी, चवळी पेरायची.

शहरातल्या वस्तीत अंगण नसलं तरी रिकामं पोतं असतं. तळाशी भोकं पाडा, निम्मी माती, निम्मं शेणखत भरा. सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी, पालक त्यात सहज होतात. दिवसातून चार-पाच तास ऊन मिळेल अशी जागा तेवढी बघा.